मत्स्यमार्ग, जाळी आणि टर्बाइन : एका जलविद्युत धरणावरील प्रकल्प नोंदी

पहिले वर्ष

६ मे

आजपासून या कामाची स्वतंत्र नोंदवही ठेवत आहे. धरण जुने आहे. पाण्याचे शीर्ष, म्हणजे धरणाच्या वरच्या आणि खालच्या पातळीतील फरक, सुमारे १२ मीटर असून विद्युतगृहात कॅप्लान पद्धतीची (पंख्यासारख्या पात्यांची टर्बाइन असलेली) तीन युनिटे आहेत. प्रत्येक युनिटचा पूर्ण क्षमतेचा विसर्ग सेकंदाला ३० घनमीटर आहे आणि तिन्ही मिळून साधारण ९.३ मेगावॅट वीज तयार होते. विद्युतगृह डाव्या काठाला आहे, सांडवा मध्यापासून उजव्या काठापर्यंत पसरलेला आहे. धरण बांधताना माशांसाठी कोणतीही वाट ठेवलेली नव्हती. आता युनिटांच्या नूतनीकरणाच्या निमित्ताने ती करायची आहे.

कामाच्या आदेशात ‘मत्स्य सोपानाचे बांधकाम’ एवढेच शब्द आहेत. त्याऐवजी ‘माशांच्या वर जाण्याची व खाली येण्याची व्यवस्था’ असे शब्द घालावेत, अशी लेखी विनंती मी पहिल्याच बैठकीत केली. ती मान्य झाली, परंतु खाली येण्याच्या भागासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद दाखवलेली नाही. हा मुद्दा मी सोडणार नाही.

१८ मे

ज्यांच्यासाठी हे काम आहे, त्यांच्या जीवनक्रमाचे टिपण आज पूर्ण केले. या नदीत दोन प्रकारचे प्रवासी आहेत. कार्प कुळातील मोठे मासे पाणी चढू लागले की वरच्या अंगाला, उथळ आणि वाहत्या पाण्यातील स्वच्छ गोट्यांवर अंडी घालण्यासाठी जातात. नंतर ते स्वतः आणि मागाहून त्यांची पिल्ले खाली येतात. वाम माशाचा क्रम नेमका उलटा आहे. ती समुद्रात जन्मते, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या रूपात नदीच्या मुखाशी येते, अनेक वर्षे गोड्या पाण्यात वाढते आणि पूर्ण वाढ झाल्यावर खाणे थांबवून समुद्राकडे परत निघते. त्या वेळी तिचे डोळे मोठे होतात आणि पोट रुपेरी दिसू लागते. अंडी ती आयुष्यात एकदाच घालते.

याचा सरळ अर्थ असा की, खाली निघालेली मादी टर्बाइनमध्ये मेली, तर तिने तोवर एकही अंडे घातलेले नसते. युरोपीय वाम आज अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणली जाते, आणि युरोपीय संघाने २००७ मध्ये केलेल्या नियमात मानवी हस्तक्षेप नसता तर जेवढी रुपेरी वाम समुद्रात पोहोचली असती, त्याच्या वजनाने किमान ४० टक्के तरी पोहोचावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. वर किती चढली यापेक्षा समुद्रापर्यंत किती पोहोचली, हे मोजणारा हा निकष मला योग्य वाटतो.

२१ जून

पहिला मोठा लोंढा परवा येऊन गेला. आज पहाटे साडेपाचपासून दहापर्यंत अवजल कालव्याच्या, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेले पाणी नेणाऱ्या कालव्याच्या, भिंतीवर बसून होते. पहिले आणि दुसरे युनिट चालू होते, सांडवा बंद होता. ड्राफ्ट ट्यूबच्या (टर्बाइनखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाच्या) तोंडाजवळ पाणी जिथे खालून उसळून वर येते, तिथे हाताएवढे मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहत होते. दर काही मिनिटांनी त्यांतला एखादा जोर करून पुढे जायचा, काँक्रीटच्या कडेला तोंड घासायचा आणि पाण्याबरोबर मागे फेकला जायचा. एक मासा भिंतीच्या इतका जवळ आला की त्याच्या वरच्या ओठावरची कातडी निघून खालचे पांढरे मांस दिसत होते. त्याने हे आज पहिल्यांदा केलेले नव्हते. तो पुन्हा वळला आणि पुन्हा तिथेच आला.

२३ जून

धरणाखाली आयुष्यभर मासेमारी केलेल्या एका वृद्ध गृहस्थांना प्राथमिक नकाशा दाखवला. त्यात मत्स्यमार्ग उजव्या काठाला आहे, कारण तिथे मोकळी जागा आहे आणि बांधकाम सोपे आहे. त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, मासा डाव्या काठानं येतो. उजव्या काठाला मी कधी जाळंच लावलं नाही.”

९ जुलै

प्रवेशाच्या जागेवर आज तीन तास चर्चा झाली. माझे म्हणणे मी असे मांडले : मासा नदीतून वर येतो तो सर्वांत ठळक प्रवाहाच्या मागावर. विद्युतगृह चालू असताना तो प्रवाह अवजलाचा असतो, म्हणून मासा विद्युतगृहाच्या भिंतीपर्यंत येऊन थबकतो आणि तिथून मागे वळून शंभर मीटरवरचे उजव्या काठाचे दार शोधत नाही. दार त्याच्या पुढ्यात, म्हणजे ज्या रेषेच्या पुढे त्याला जाताच येत नाही त्या रेषेवर आणि डाव्या काठाला चिकटून असले पाहिजे. अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणावर १९३८ मध्येच विद्युतगृहाच्या खालच्या भिंतीच्या कडेने माशांना गोळा करणारा कालवा केला गेला, कारण मासे त्या भिंतीलाच येऊन भिडतात हे तिथल्या रचनाकारांनी जाणले होते.

स्थापत्य विभागाची अडचण खरी आहे. डाव्या काठाला खडक उभा आहे आणि यार्डाची संरक्षक भिंत लगेच सुरू होते. अखेर मार्गाचे कप्पे दोनदा वळवून उताराला घडी घालायची आणि मुख मात्र पहिल्या युनिटच्या ड्राफ्ट ट्यूबच्या शेजारीच ठेवायचे, यावर एकमत झाले. या एका निर्णयावर बाकीच्या सगळ्या कामाचे यश अवलंबून होते, त्यामुळे तीन तास गेल्याची खंत नाही.

२ ऑगस्ट

मार्गाचा प्रकार आणि मापे ठरली. बेल्जियन अभियंता देनिल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेला तिरप्या पट्ट्यांचा मार्ग जागा कमी घेतो, परंतु त्यात माशाला मध्ये विसावा मिळत नाही आणि पाण्याची पातळी थोडी बदलली तरी त्याचे काम बिघडते. आपल्याकडे धरणाच्या वरची आणि खालची, दोन्ही पातळ्या दिवसभर हलत असतात. म्हणून उभ्या फटीचा मार्ग निवडला. यात प्रत्येक कप्प्याच्या भिंतीत तळापासून वरपर्यंत एक उभी फट असते. पातळी वाढली तरी फट काम करत राहते आणि तळाने चालणारा मासा तळाने, वरून पोहणारा वरून जाऊ शकतो.

हिशेब असा. लगतच्या दोन कप्प्यांतील पातळीचा फरक २० सेंटीमीटर ठेवला, तर फटीतून पाणी सेकंदाला जवळपास २ मीटर वेगाने येते. १५ सेंटीमीटर ठेवला, तर १.७ मीटर. मासा थोड्या सेकंदांपुरता आपल्या लांबीच्या साधारण दहापट अंतर एका सेकंदात कापू शकतो, म्हणजे २० सेंटीमीटरच्या माशाची झेप सेकंदाला २ मीटरच्या आसपास असते. पहिल्या पर्यायात त्याची सगळी ताकद प्रत्येक फटीत पणाला लागेल. दुसऱ्यात थोडी शिल्लक राहील.

दुसरी कसोटी खळबळीची आहे. कप्पा ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि पाणी १.२ मीटर खोल धरले, फट ४० सेंटीमीटरची धरली, तर २० सेंटीमीटरच्या फरकाला प्रत्येक घनमीटर पाण्यात सुमारे १५० वॅट ऊर्जा जिरवावी लागते आणि १५ सेंटीमीटरच्या फरकाला सुमारे १००. सामन माशासाठी २०० वॅटपर्यंत चालवून घेतात. आपल्या माशांसाठी मी १०० च्या वर जायला तयार नाही. याचा परिणाम म्हणजे ६० ऐवजी ८० पायऱ्या आणि वळणांचे कप्पे धरून २४० मीटरपेक्षा लांब मार्ग. काँक्रीट वाढले आहे, याची जाणीव आहे. परंतु पंचावन्नाव्या कप्प्यात दमून मागे वळणाऱ्या माशासाठी आधीचे चोपन्न कप्पे व्यर्थच असतात.

२० ऑगस्ट

मार्गातून जाणारे पाणी सेकंदाला जेमतेम ०.६ घनमीटर आहे आणि शेजारून टर्बाइनचे ९० घनमीटर उसळत असते. म्हणजे मुखाचा प्रवाह अवजलाच्या एक टक्क्याहूनही कमी. मुख योग्य जागी असले, तरी माशाला त्याची चाहूल लागणार कशी? या प्रकारच्या कामात मुखातून येणारे पाणी टर्बाइनच्या विसर्गाच्या १ ते ५ टक्के असावे, असा संकेत आहे. म्हणून जलाशयातून वेगळ्या नळाने ३ घनमीटर पाणी आणून ते मुखालगतच्या कप्प्यात, तळातील जाळीतून संथपणे मिसळायचे ठरवले. एकूण ३.६ घनमीटर, म्हणजे ४ टक्के.

या ३ घनमीटरची किंमत विजेत मोजली, तर सुमारे ३०० किलोवॅट होते. विद्युत विभागाने आक्षेप घेणे स्वाभाविक होते आणि तो त्यांनी घेतला. तोडगा त्यांच्याच कनिष्ठ अभियंत्याने सुचवला : हे पाणी आधी एका छोट्या टर्बाइनमधून काढावे आणि मग मुखाशी सोडावे. उतरणाऱ्या पाण्याची ऊर्जा वाया जाणार नाही आणि मुखाशी ते शांत होऊन पोहोचेल. त्या टर्बाइनच्या तोंडाला मात्र बारीक जाळी हवी, अशी अट मी घातली आणि ती लगेच मान्य झाली.

११ सप्टेंबर

सांडव्याखालच्या पाण्यातील विरलेल्या वायूंचे मापन सुरू केले. उंचावरून खोल डोहात कोसळणारे पाणी हवा खाली ओढून नेते, तिथल्या दाबाखाली ती पाण्यात विरते आणि पाणी अतिसंपृक्त होते. अशा पाण्यात राहिलेल्या माशाच्या रक्तात व कल्ल्यांत बुडबुडे धरतात. अमेरिकेत यासाठी संपृक्ततेच्या ११० टक्क्यांची मर्यादा पाळतात. खोलीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १० टक्क्यांची भरपाई होते, त्यामुळे खोल जाऊ शकणारा मासा वाचतो आणि उथळ काठाशी अडकलेले पिल्लू वाचत नाही. आपला सांडवा कमी उंचीचा आहे. तरीही पुरात मापन चालू ठेवायचे.

७ ऑक्टोबर

काल रात्री पाऊस झाला, नदी चढली, आकाश पूर्ण झाकलेले होते. आज सकाळी अवजलाच्या खालच्या भोवऱ्यात दोन वाम सापडल्या. एक मध्यावर जवळजवळ दुभंगलेली होती. दुसरी बाहेरून अखंड दिसत होती. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता. हातात उचलली तेव्हा तिच्या पाठीच्या मध्यभागी बोटाला एक पायरी लागली. कणा तिथे तुटला होता. पोट रुपेरी, डोळे मोठे आणि काळेभोर. लांबी ८४ सेंटीमीटर. तिच्या कानाच्या खड्यावरील वलये प्रयोगशाळेत मोजून घेणार आहे, म्हणजे या नदीत ती किती वर्षे वाढली ते कळेल.

जी फुटून वाहून गेली किंवा तळाशी बसली, ती आपल्याला दिसत नाही. या दोन फक्त भोवऱ्यात अडकल्या म्हणून दिसल्या.

९ ऑक्टोबर

अंदाजपत्रकातील तरतुदीसाठी केवळ दोन मेलेल्या वाम पुरेशा नाहीत, म्हणून आज टर्बाइनची आकडेमोड लिहून काढली. रनरचा (टर्बाइनच्या फिरणाऱ्या चाकाचा) व्यास २.४ मीटर, चार पाती, मिनिटाला १८७.५ फेरे. एका पात्यानंतर दुसरे पाते त्याच जागी ०.०८ सेकंदांत येते. रनरमधून पाणी सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने उतरते. म्हणजे दोन पात्यांच्या मध्ये उतरणाऱ्या पाण्याची लांबी ०.६४ मीटर भरते. पाण्याच्या दिशेने सरळ निघालेले १० सेंटीमीटरचे पिल्लू या ६४ सेंटीमीटरच्या अवकाशातून जाताना पात्याला लागण्याची शक्यता सुमारे सहात एक आहे. ८४ सेंटीमीटरची वाम त्या अवकाशात मावतच नाही. तिला पाते लागणारच. कुठे आणि किती जोराने, एवढेच उरते. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर आहे.

दाबाचा प्रश्न वेगळा आहे. दहा मीटर खोलीवर स्थिरावलेल्या माशाच्या वाताशयावर (पोटातील हवेच्या पिशवीवर) दोन वातावरणांचा दाब असतो. रनरच्या खालच्या बाजूला दाब क्षणभर अर्ध्या वातावरणापर्यंत उतरला, तर त्यातील वायू चौपट फुगायला पाहतो. कार्प आणि वाम यांच्या वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, त्यामुळे त्या वायू बाहेर टाकू शकतात. परंतु सेकंदाच्या अंशात नव्हे.

ही दोन पाने मी मुख्य अभियंत्यांना दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच बसून पूर्ण वाचली, ०.६४ या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि जाळीचा प्रस्ताव पाठवण्यास सांगितले.

२५ ऑक्टोबर

जाळीचा प्रस्ताव तयार केला. सध्याची कचरा-जाळी उभी आहे आणि तिच्या गजांमधील अंतर ६० मिलिमीटर आहे; ती ओंडके अडवते, वाम अडवत नाही. पाणी आत घेण्याची जागा एकूण १८ मीटर रुंद आणि ५ मीटर खोल आहे, म्हणजे ९० चौरस मीटर, आणि पूर्ण विसर्गाला पाणी तिथे सेकंदाला १ मीटर वेगाने येते. गजांमधील अंतर नुसते २० मिलिमीटर केले, तर मासा टर्बाइनपासून वाचेल, पण जाळीवर चिकटून मरेल. १ मीटर वेगाच्या पाण्याने एकदा गजांवर दाबलेली वाम स्वतःहून सुटत नाही.

उपाय जाळी आडवी कलती करण्याचा आहे. ती तळाशी २६ अंशांचा कोन करून बसवली, तर पाण्याच्या वेगाचे दोन भाग पडतात : जाळीच्या आरपार जाणारा ०.४४ मीटर आणि जाळीच्या पृष्ठभागावरून वर सरकणारा ०.९ मीटर. वर ढकलणारा वेग दाबणाऱ्या वेगाच्या दुप्पट होतो, म्हणून जाळीला लागलेला मासा चिकटण्याऐवजी वरच्या कडेकडे घसरत जातो. तिथे, पृष्ठभागाशी, पाणी आत घेण्याच्या प्रत्येक कप्प्याला बायपासचे, म्हणजे टर्बाइन टाळून माशांना खाली नेणाऱ्या वाटेचे, तोंड द्यायचे. २६ अंश हा आकडा या गुणोत्तरातूनच आला आहे आणि फ्रान्समधील जलविद्युत केंद्रांवर तो प्रमाण मानला जातो. जाळीची लांबी ११.४ मीटर होईल आणि क्षेत्रफळ दुपटीहून अधिक वाढेल.

बायपासचे पाणी कुठे सोडायचे, यावर माझे मत ठाम आहे. मत्स्यमार्गाच्या मुखाजवळ सोडले तर आकर्षण वाढेल, असा मुद्दा निघाला होता. परंतु वरून येणारा मासा काही क्षण भांबावलेला असतो आणि अशा जागी शिकारी मासे व पक्षी लवकरच ठाण मांडतात. म्हणून ते पाणी खाली, खोल आणि वाहत्या पात्रात सोडायचे.

१५ नोव्हेंबर

मासे वर चढवून आपण त्यांना कुठे पाठवत आहोत, हे तपासायला आठवडाभर जलाशयाच्या वरच्या टोकाला होते. ब्राझीलमधील अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, मोठ्या जलाशयांवरील मत्स्यमार्ग कधीकधी सापळाच ठरतात : मासे वर जातात, पण वर अंडी घालण्यास योग्य जागा नसते, किंवा अंडी आणि पिल्ले वाहत येऊन जलाशयाच्या स्थिर पाण्यात तळाशी बसतात, आणि मोठे मासेही परत उतरत नाहीत. मार्ग यशस्वी दिसतो, मासळी मात्र घटत जाते.

आपला जलाशय लहान आणि अरुंद आहे, पाणी त्यात थोडाच काळ थांबते. त्याच्या वरच्या टोकानंतर नदी मोकळी वाहते आणि पहिल्या दोन उपनद्यांत स्वच्छ गोट्यांचे उथळ पट्टे आहेत. तिसऱ्या उपनदीतून वाळूउपसा चालू आहे. त्याबद्दल स्वतंत्र पत्र दिले.

३ डिसेंबर

मंजुरी आली. मत्स्यमार्ग पूर्ण, कलती जाळी सध्या फक्त पहिल्या युनिटला, उरलेल्या दोन युनिटांना पुढील टप्प्यात. तोवर वाम उतरण्याच्या रात्री दुसरे व तिसरे युनिट थांबवावे, हा माझा प्रस्ताव ‘तत्त्वतः’ मान्य झाला आहे.

दुसरे वर्ष

१४ मार्च

काँक्रीटचे निम्मे काम झाले. ४० सेंटीमीटरची एक लाकडी मापपट्टी करून घेतली आहे आणि प्रत्येक फटीत ती वर, मध्ये आणि तळाशी घालून पाहते. बाराव्या आणि सव्विसाव्या फटीत पट्टी खुळखुळली. फट ४३ सेंटीमीटरची निघाली. ठेकेदाराला तीन सेंटीमीटरसाठी तोडफोड पटेना. रुंद फटीत पातळीचा फरक कमी होतो आणि तो कमी झालेला फरक इतर फटींना वाटून घ्यावा लागतो, हे मी त्यांच्या मुकादमाला कागदावर काढून दाखवले. त्यांनी दुपारनंतर स्वतः उभे राहून दोन्ही कडा सुधारून घेतल्या. तळाला बसवलेले गोटेही नीट रोवले आहेत. त्यांच्यामुळे तळाशी पाण्याचा वेग उतरतो आणि लहान माशांना आधार मिळतो.

२८ मे

मार्गात पाणी सोडले. मुखाशी मिसळणारे जादा पाणी दुधासारखे पांढरे येत होते, म्हणजे त्यात हवा अडकत होती. अशा फेसाळ पाण्यात मासा शिरायला कचरतो. छोट्या टर्बाइननंतरच्या शांतवन कप्प्यातील आडभिंत वाढवल्यावर ते निवळले. रंग सोडून पाहिले असता मुखाचा प्रवाह अवजलात सुमारे वीस मीटरपर्यंत वेगळा ओळखू येतो.

१७ जून

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या टोकाच्या काचेच्या खिडकीसमोरून पहिला मासा गेला. कार्प कुळातला, अंदाजे ४५ सेंटीमीटरचा. फटीच्या मागे तो थोडा वेळ शेपटी हलवत थांबला, मग तिरका होऊन एकाच झटक्यात बाहेर पडला. जलाशयाच्या पाण्यात शिरल्यावर तो तळाकडे गेला आणि दिसेनासा झाला. मी खूप वेळ तिथेच उभी होते.

१९ जून

रात्रीच्या लोंढ्यात एक फांदी एकतिसाव्या फटीत अडकली आणि तिच्यावर पालापाचोळा साचला. त्या एका ठिकाणी पातळीचा फरक ४० सेंटीमीटर झाला होता, म्हणजे वेग सेकंदाला २.८ मीटर. खालच्या कप्प्यात मासे दाटले होते आणि वरच्या पन्नास कप्प्यांत एकही नव्हता. फांदी आकड्याने ओढून काढायला दोन माणसांना दहा मिनिटे लागली. पुराच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ संपूर्ण मार्ग चालून पाहायचा, आणि प्रत्येक फटीच्या दोन्ही बाजूंच्या मोजपट्ट्यांचे वाचन लिहायचे, असा नियम आजपासून केला.

५ जुलै

खालच्या पात्रात पकडून खुणचिप बसवलेल्या माशांच्या नोंदी पाहिल्या. ही चिप १२ मिलिमीटरची काचेची नळी असते, तिला बॅटरी लागत नाही. फटीभोवतीच्या अँटेनाने १३४.२ किलोहर्ट्झवर तिला जागे केले की ती आपला क्रमांक सांगते. एक अँटेना मुखाच्या बाहेर आहे, एक पहिल्या फटीत, एक शेवटच्या.

शेवटच्या दोन नोंदींत फारशी तफावत नाही. आत शिरलेला मासा बहुतेक वेळा वर पोहोचतो. गळती मुखाशी आहे. एकच मासा एका दिवसात मुखाबाहेर नऊ वेळा नोंदला गेला आणि आत शिरला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि थेट आत गेला. दोन्ही दिवसांची विद्युतगृहाची नोंदवही काढून शेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दिवशी दूरचे तिसरे युनिट चालू होते आणि पहिले बंद होते. मुख्य प्रवाह तिकडून येत असल्याने मासे तिसऱ्या युनिटकडे ओढले जात होते आणि मुख बाजूला पडत होते. दुसऱ्या दिवशी पहिले युनिट चालू होते. इतर माशांच्या नोंदीही याच धाटणीच्या आहेत.

पाणी कमी असताना कोणते युनिट आधी चालवायचे, हे आजवर केवळ युनिटांच्या चालू तासांची बरोबरी राखण्यासाठी ठरत असे. चढणीच्या हंगामात पहिले युनिट आधी सुरू करावे आणि शेवटी बंद करावे, असे मी सुचवले. यात वीज जराही कमी होत नाही. शिफ्ट इंजिनिअरनी आजच कंट्रोल रूमच्या फळ्यावर ते लिहिले.

१२ ऑगस्ट

वामच्या पिल्लांसाठी ८० कप्प्यांचा मार्ग उपयोगाचा नाही. बोटाएवढी ती पिल्ले फटीतील वेगाला तोंड देऊ शकत नाहीत. ती ओल्या, खडबडीत पृष्ठभागावरून सरपटत चढतात. त्यांच्यासाठी ब्रशचे केस बसवलेला तिरपा पन्हळ लावला आहे, त्यावरून पाण्याची पातळ धार सोडली आहे. रात्री विजेरीवर लाल कागद लावून पाहिले, तेव्हा केसांच्या मधून दोन-तीन पिल्ले अंग वळवत चढत होती.

२९ सप्टेंबर

वाम उतरण्याच्या रात्रींसाठी कंट्रोल रूमला दिलेली सूचना : नदी चढती असेल आणि रात्र अंधारी असेल, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे किंवा आकाश पूर्ण झाकलेले असताना, सूर्यास्तापासून आठ तास दुसरे आणि तिसरे युनिट थांबवावे. जादा पाणी सांडव्याच्या दरवाजातून सोडावे. पहिले युनिट जाळीसह चालू राहील. अशा एका रात्रीत साधारण ५० मेगावॅट-तास वीज सोडावी लागते. अशा रात्री हंगामात थोड्याच असतात आणि वाम बहुतांशी त्याच रात्री निघतात, म्हणून रोज थोडी कपात करण्यापेक्षा नेमक्या रात्री पूर्ण थांबणे मला योग्य वाटते.

१४ ऑक्टोबर

नदी दुपारपासून चढत होती. सूर्यास्ताला थांबायला हवी होती ती युनिटे ४० मिनिटे उशिरा थांबली. वीज मागणीबाबत वरून आलेला निरोप निस्तरेपर्यंत तेवढा वेळ गेला.

रात्री दोन वाजता जाळीवरच्या कॅमेऱ्यात पहिली वाम दिसली. ती शेपटीकडून आली. शेपूट गजांना लागताच तिने सगळे शरीर जाळीला समांतर केले, दोन मीटर वर सरकली, थांबली, पुन्हा उलट पोहून गढूळ पाण्यात नाहीशी झाली. सात मिनिटांनी तीच किंवा दुसरी, सांगता येत नाही, डोके पुढे करून आली, जाळीच्या पृष्ठभागावरून वरच्या कडेपर्यंत घसरत गेली आणि बायपासच्या तोंडाशी पुन्हा अडखळली. तोंडाशी पाणी एकदम वेग घेते, ते तिला आवडत नसावे. तिसऱ्या प्रयत्नात ती आत गेली. पहाटेपर्यंत आणखी काही गेल्या. जाळीवर एकही चिकटलेली नव्हती.

१५ ऑक्टोबर

सकाळी अवजलाखालचा भोवरा तपासला. एक वाम, मध्यावर कापलेली. कालच्या त्या ४० मिनिटांतच ती टर्बाइनमधून गेली असावी, असे मला वाटते. रात्री जाळी नसलेले एकही युनिट चालू नव्हते. तिचा फोटो, वेळेची नोंद आणि युनिट थांबल्याची वेळ, तिन्ही एकाच पानावर लावून ते वरिष्ठांकडे पाठवले. सूर्यास्ताऐवजी सूर्यास्तापूर्वी एक तास थांबण्याची सूचना द्यावी, अशी दुरुस्ती सोबत जोडली.

२ नोव्हेंबर

दुरुस्ती मंजूर झाली. बायपासच्या तोंडाशी पाण्याचा वेग एकदम न वाढता टप्प्याटप्प्याने वाढावा, यासाठी तिथला उंबरा गोलाकार करण्याचे रेखाचित्र कार्यशाळेला दिले आहे. जाळी साफ करणाऱ्या यंत्राचे दोन दाते वाकले आहेत. २० मिलिमीटरच्या फटीत पाने रुतून बसतात आणि यंत्राला जास्त जोर लावावा लागतो. सुटे दाते मागवले. दुसऱ्या व तिसऱ्या युनिटच्या जाळ्यांसाठी मोजमापे घ्यायला पाणी अडवण्याचे तक्ते १० डिसेंबरला टाकायचे ठरले आहे. त्याआधी फोअरबेमध्ये (विद्युतगृहाच्या तोंडाशी साठणाऱ्या पाण्यात) मागे राहिलेले मासे जाळ्याने काढून बायपासमधून खाली सोडण्यासाठी चार माणसे आणि दोन टाक्या लागतील, त्यांची मागणी आज नोंदवली.